सकाळी नसलेल्या नोंदी

डॉक्टर हत्तुरेंच्या टेबलावर तो कागद मीच ठेवला होता. एकच पान, त्यावर दोन रकाने. डावीकडे तारखा आणि उजवीकडे त्या त्या दिवशी येमूलबाईंच्या नावावर कॉम्प्युटरमध्ये पडलेल्या नोंदींचा आकडा. गेल्या सोमवारपर्यंत तिथं बारा, नऊ, सतरा असं काहीबाही होतं. सोमवारनंतर सरळ खालपर्यंत शून्य.

येमूलबाई टेबलापलीकडे उभ्या होत्या. डॉक्टरांनी दोनदा खुर्ची दाखवली तरी बसल्या नाहीत. पांढऱ्या कोटाच्या खिशात हात घालून त्यांनी कागद टेबलावरूनच वाचला, उचलला नाही.

“बाई, रजिस्टरमध्ये रक्ताच्या एक्केचाळीस पिशव्या आहेत,” डॉक्टर म्हणाले. “तुमच्याच अक्षरात. कॉम्प्युटरवर एकही नाही. कसं काय?”

“मी रोज केली आहे नोंद.”

“मग ती आहे कुठं?”

येमूलबाईंनी एकदा माझ्याकडं पाहिलं, मग पुन्हा डॉक्टरांकडं. “संध्याकाळी असते, सर. सकाळी नसते.”

त्या आणखी काहीतरी हळू आवाजात सांगत होत्या, की एकदा दिलेली पिशवी दुसऱ्या दिवशी परत साठ्यात दिसते, गेलेल्या पिशव्या परत येतात. डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मी कागदाकडं पाहिलं.

डॉक्टर चांगला माणूस. त्यांनी आवाज चढवला नाही. उलट फारच मऊ केला. रागावू नका म्हणाले, एकदा डोक्याच्या डॉक्टरांना दाखवून घ्या, माझे मित्रच आहेत, चिठ्ठी देतो. “घरात कुणाला असं असलं, की लवकर बघून घेतलेलं बरं.”

“घरात कुणाला?” येमूलबाईंनी विचारलं.

डॉक्टर चिठ्ठी लिहीत राहिले. येमूलबाईंची मान सावकाश माझ्याकडं वळली. चेहऱ्यावर राग नव्हता. हिशेब जुळत नसला की माणूस पहिल्यापासून पुन्हा बघायला लागतो, तसं त्या माझ्याकडं बघत होत्या. मग त्यांनी कोरा कागद मागितला, उभ्या उभ्या रजेचा अर्ज लिहिला, आणि सही करताना विचारलं, “आज तारीख किती?”

तारीख कुणीही विचारतं. पण त्या क्षणी डॉक्टरांची आणि माझी नजरानजर झाली, आणि आम्हा दोघांनाही वाटलं की पुरावा मिळाला.

ही सोलापुरातली गोष्ट आहे, दोन हजार अकरा सालातली. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि रक्तपेढ्यांसाठी प्रोग्रॅम करून देणाऱ्या एका छोट्या कंपनीत होते. कंपनी म्हणजे आम्ही चौघं. एका ट्रस्टची रक्तपेढी माझ्याकडं सोपवलेली होती. वरच्या मजल्यावर डॉक्टरांची केबिन, ऑफिस आणि सर्व्हर. खाली काउंटर, प्रयोगशाळा आणि पिशव्यांचे फ्रिज. काउंटरवर सरोजा येमूल बसत. तपासून झालेली प्रत्येक पिशवी त्यांच्या हातून साठ्यात जायची आणि बहुतेक त्यांच्याच हातून बाहेर पडायची. काउंटरच्या कॉम्प्युटरला दुसरं कुणी हात लावत नसे. त्या नसल्या की वरच्या कॉम्प्युटरवरून काम चाले.

त्यांचं वय बावन्न. शहराच्या पूर्व भागातल्या, तेलुगू घरातल्या. मराठी सोलापुरी वळणाची, पण सराईत बोलायच्या; फक्त पिशव्या मोजताना हटकून तेलुगूत जायच्या, ओकटी, रेंडू, मूडू. प्रोग्रॅम बसवायला मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला रक्तातलं काही म्हणजे काही कळत नव्हतं. कोणती पिशवी किती दिवस टिकते, कोणती थंडीत ठेवायची, कोणती हलती ठेवायची, हे त्यांनी मला जवळ बसवून शिकवलं. दुपारी स्वतःच्या डब्यातलं अर्धं माझ्यापुढं सरकवायच्या. जेवताना घरचं बोलायच्या. अशाच एका दुपारी त्यांनी मला त्यांच्या आईबद्दल सांगितलं होतं. आई शेवटची तीन वर्षं सगळं विसरून गेली होती. एकदा शिजवलेला भात पुन्हा शिजवायची, दारात बसून गेलेल्या माणसांची वाट बघायची. येमूलबाईंनी नोकरी सांभाळून तिचं सगळं केलं. हे त्यांनी पेढीत दुसऱ्या कुणाला सांगितलं नव्हतं. मलाही तसं म्हणाल्या होत्या.

आता झालं ते असं. गुरुवारी येमूलबाईंची साप्ताहिक सुट्टी असे. त्या गुरुवारी दुपारी एका प्रसूतिगृहातून ए निगेटिव्हच्या पिशवीसाठी फोन आला. बाळंतिणीचं रक्त थांबत नव्हतं. डॉक्टरांनी स्वतः वरच्या कॉम्प्युटरवर साठा पाहिला. ए निगेटिव्ह शून्य. त्यांनी नाही म्हणून सांगितलं. नातेवाइकांनी गावभर हिंडून तासाभरानं दुसरीकडून पिशवी मिळवली. बाई वाचली, पण दोन दिवस अतिदक्षता विभागात होती. शुक्रवारी सकाळी येमूलबाई कामावर आल्या, फ्रिज उघडला, आणि ए निगेटिव्हची पिशवी समोरच. त्यांनीच बुधवारी ठेवलेली. वर त्यांच्या अक्षरातली चिठ्ठी, रजिस्टरमध्ये नोंद, सगळं जिथल्या तिथं. फक्त कॉम्प्युटरवर नाही.

डॉक्टरांनी स्वतःच्या तोंडानं ‘नाही’ म्हटलेली पिशवी खालच्या मजल्यावर होती. त्यांचा चेहरा मी शनिवारी पाहिला तेव्हाही उतरलेलाच होता. त्यांनी मला बोलावून घेतलं आणि दार लोटून विचारलं की हे प्रोग्रॅमचं काही आहे की माणसाचं.

मी दोन तास वर बसून तपासलं. प्रोग्रॅम धडधडीत नीट चालत होता. वरून केलेल्या सगळ्या नोंदी जागेवर होत्या. जतन झालेल्या प्रत्येक नोंदीचा माग राहायचा, कुणी केली, किती वाजता केली. त्या मागात येमूलबाई सोमवारी दुपारनंतर कुठंच नव्हत्या. पुसलेल्या नोंदींचाही माग राहतो, तोही नव्हता. म्हणजे नोंद होऊन पुसली गेली असंही म्हणता येईना. झालीच नव्हती. आणि बाई तर रोज सकाळी नऊ ते पाच त्या कॉम्प्युटरपुढं बसलेल्या सगळ्यांनी पाहिलेल्या.

मला काही सुचेना. बाई टाइप करतात आणि जतन करायचं बटण दाबत नाहीत, एवढाच एक अर्थ निघत होता. पण दीड वर्ष न चुकणारी बाई एकाएकी आठवडाभर, रोज, प्रत्येक वेळी ते बटण कशी विसरेल? खाली जाऊन त्यांच्याशेजारी उभं राहून पाहायला हवं होतं. बावीस पायऱ्या होत्या. मी गेले नाही. ज्या बाईनं मला काम शिकवलं तिच्या डोक्यावर तपासनीस म्हणून उभं राहणं मला जमेना, आणि खरं सांगायचं तर हातात माग होता, त्याच्यापुढं डोळ्यांनी बघायची गरजही वाटली नाही.

मग मला मंगळवारची एक गोष्ट आठवली. येमूलबाईंचा फोन आला होता, दुसऱ्याच कामासाठी, आणि ठेवता ठेवता त्या म्हणाल्या होत्या, “पोरी, रक्त कधी दिलीस तू? सांगितली नाहीस की.” मी आयुष्यात कधी रक्त दिलं नव्हतं. वजनच भरत नसे. मी तसं म्हटलं, तर त्या गोंधळल्या, असेल असेल म्हणाल्या, फोन ठेवला. तेव्हा मी ते सोडून दिलं होतं. शनिवारी केबिनमध्ये बसल्या बसल्या ते मला आठवलं, आणि त्याच्याशेजारी त्यांची आई येऊन बसली. एकदम सगळं जुळलं. जुळलं म्हणून मला हायसं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. मी डॉक्टरांना दोन्ही सांगितलं. फोनचं, आणि मग, जरा अडखळत, आईचंही.

“अरेरे,” डॉक्टर एवढंच म्हणाले. “आलं लक्षात.”

सोमवारी तो कागद, तो अर्ज.

मंगळवारी मी रक्तपेढीत गेले ते एक्केचाळीस नोंदी पुऱ्या करायला. माझंच कर्तव्य, असं काहीतरी डोक्यात होतं. रजिस्टर घेऊन काउंटरवर बसले. येमूलबाईंच्या खुर्चीवरची उशी बाजूला ठेवली. एकेक पिशवी, नंबर, रक्तगट, तारीख, जतन. दीड तासात एक्केचाळीस झाल्या. पडद्यावर साठा पाहिला, सगळ्या होत्या. ए निगेटिव्ह एक. वर जाऊन डॉक्टरांना म्हटलं, झालं सर, बघून घ्या.

त्यांनी पाहिलं आणि पडदा माझ्याकडं वळवला. ए निगेटिव्ह शून्य. एक्केचाळीसपैकी एकही पिशवी नव्हती.

मी खाली आले. सगळ्या होत्या. पुन्हा वर गेले. नव्हत्या. डॉक्टरांना म्हटलं, पडदा ताजा करा. त्यांनी केला. नव्हत्या. खाली येऊन मी एक नोंद पुन्हा केली, बटणावर बोट ठेवून मोठ्यानं म्हणाले ‘जतन’, म्हणजे केलं याबद्दल मला शंका उरायला नको. ‘नोंद जतन झाली’ असं पडद्यावर आलं. वर गेले. नव्हती. चौथ्या की पाचव्या फेरीला मी जिन्यातच थांबले. आपण बटण दाबलं का, हे मला खात्रीनं आठवेना. आताच दाबलं होतं. मोठ्यानं म्हणालेसुद्धा होते. तरी आठवेना. कठड्याला धरून उभी होते आणि वर जावं की खाली, तेही कळत नव्हतं. येमूलबाईंनी हे आठ दिवस काढले होते, आणि त्यांना तर वर जाऊन बघायलाही कुणी सांगितलं नव्हतं.

खाली येऊन मी नोंदी पाहायच्या सोडून दिल्या आणि नुसती रक्तदात्यांची यादी वरून खाली वाचत गेले, उगीचच, हाताला काहीतरी चाळा म्हणून. ‘क’वर आले तर तिथं एक नाव होतं. कारंडे वृषाली, वय चोवीस, बी पॉझिटिव्ह.

माझं नाव. रक्त दिल्याची तारीख गेल्या सोमवारची.

ते नाव मीच घातलं होतं. पण इथं नव्हे. पेढीत दोन नवीन टेक्निशियन मुली लागल्या होत्या आणि त्यांना शिकवण्यासाठी मी त्या सोमवारी खऱ्या डेटाबेसची एक सरावाची कॉपी करून दिली होती, त्याच सर्व्हरवर. मुलींनी त्यात वाटेल ते करावं, चुकावं. शिकवताना उदाहरण म्हणून मी स्वतःचं नाव घातलं होतं. आणि रोज रात्री नऊ वाजता ती कॉपी आपोआप पुसून पुन्हा सोमवारसारखी होईल अशी सोय केली होती, म्हणजे मुलींना रोज सकाळी कोरी पाटी.

संध्याकाळी असते, सकाळी नसते. गेलेल्या पिशव्या परत येतात. रक्त कधी दिलीस तू?

येमूलबाईंचा कॉम्प्युटर आठवडाभर खऱ्या डेटाबेसकडं जातच नव्हता. तो सरावाच्या कॉपीकडं जात होता. त्यांची प्रत्येक नोंद होत होती, जतन होत होती, आणि रोज रात्री नऊला माझ्या हातच्या सोयीनं पुसली जात होती.

पण जात का होता? मी काउंटरच्या कॉम्प्युटरची सेटिंगची फाइल उघडली. सर्व्हरचं नाव, आणि पुढं पाच आकडी एक नंबर. त्याखाली एक ओळ, ‘तात्पुरतं, नंतर बदलणे’, आणि माझ्या नावाची आद्याक्षरं. तारीख दीड वर्षापूर्वीची.

ते थोडं सांगायला हवं. एका सर्व्हरवर बरेच प्रोग्रॅम एका वेळी चालतात. बाहेरून आलेल्यानं नेमकं कुणाकडं जायचं, हे कळावं म्हणून प्रत्येकाला एक नंबर असतो. त्याला पोर्ट म्हणतात. डेटाबेसचा पोर्ट तुम्ही एकदाच कायमचा ठरवून देऊ शकता. नाही दिला, तर सुरू होताना जो मोकळा सापडेल तो नंबर डेटाबेस स्वतःच घेतो. मग तो आज एक, उद्या दुसरा असू शकतो. म्हणून सर्व्हरवर एक चौकशी खिडकी असते. येणारा तिथं विचारतो की रक्तपेढीचा डेटाबेस आज कोणत्या नंबरला आहे, आणि तिकडं जातो. आम्ही नंबर ठरवून दिलेला नव्हता. वरचे कॉम्प्युटर रोज चौकशी करून जायचे, त्यांना काहीच अडचण नव्हती. खालच्या काउंटरची वायर मात्र शेजारच्या इस्पितळाच्या यंत्रणेतून फिरून यायची, आणि त्यांची सुरक्षा ही चौकशी अडवायची. थेट नंबर घेऊन गेलं की सोडायची. पहिल्या वर्षी मी दिवसभर त्याच्याशी झटून शेवटी त्या दिवशीचा नंबर काउंटरच्या फाइलमध्ये हातानं लिहून टाकला होता. चाललं. दीड वर्ष चाललं, कारण डेटाबेस प्रत्येक वेळी आधीचाच नंबर मोकळा बघून तोच पुन्हा घेत राहिला. आणि मी ते साफ विसरून गेले.

त्या सोमवारी कॉपी करायला मी खरा डेटाबेस तासभर बंद ठेवला. कॉपी आधी सुरू केली. तिला मोकळा नंबर हवा होता, तिनं नेमका खऱ्याचा रिकामा झालेला नंबर घेतला. मग खरा सुरू झाला, त्याला आपली जागा भरलेली दिसली, त्यानं निमूट दुसरा नंबर घेतला. कुठं काही मोडलं नाही, कसली सूचना आली नाही. येमूलबाईंचा कॉम्प्युटर रोजच्या नंबरला गेला, तिथं रोजच्यासारखाच पडदा होता, तीच नावं, तोच साठा. फरक कळणार कसा?

मी दोन्ही डेटाबेसना कायमचे वेगवेगळे नंबर ठरवून दिले, काउंटरच्या फाइलमध्ये खऱ्याचा नवा नंबर लिहिला, आणि सर्व्हर दोनदा बंद करून सुरू करून पाहिला. नंबर हलले नाहीत. सगळं मिळून पंधरा-वीस मिनिटं. मग एक्केचाळीस नोंदी तिसऱ्यांदा केल्या आणि वर गेले. या वेळी होत्या.

डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. शेवटी एवढंच विचारलं, की म्हणजे त्या जे म्हणत होत्या ते शब्दशः तसंच होत होतं? मी हो म्हटलं. त्यांनी फोन उचलला आणि पुन्हा ठेवला. मी म्हटलं, मी जाऊन सांगते सर.

संध्याकाळी पूर्व भागात गेले. त्यांच्या गल्लीत दोन्ही बाजूंना यंत्रमागांचा खडखडाट, बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागे. दार त्यांच्या मालकांनी उघडलं, राजेशम त्यांचं नाव. मला ओळखत होते. आत या म्हणाले, आणि बाई आतल्या खोलीतून येईपर्यंत हळूच सांगितलं, की आज गॅस बंद आहे का ते हिनं सहा वेळा पाहिलं. सकाळपासून मला विचारते, काल भाजी कोणती होती ते मी बरोबर सांगते का बघा. डोक्याच्या डॉक्टरांची गुरुवारची वेळ घेतली होती.

येमूलबाई आल्या, समोर बसल्या. मी सगळं सांगितलं, काही न गाळता. फाइलमधली माझी ओळसुद्धा. त्या ऐकत होत्या, आणि प्रत्येक टप्प्याला नीट कळेपर्यंत मला पुढं जाऊ देत नव्हत्या.

“मग माझ्या नोंदी गेल्या कुठं?”

“रोज रात्री नऊला पुसल्या जात होत्या.”

“आणि सकाळी त्या सोमवारचाच साठा दिसायचा.”

“हो.”

“म्हणजे मी बघितलं ते बरोबर होतं.”

“अगदी बरोबर होतं.”

त्यांनी नवऱ्याकडं वळून तेलुगूत दोन वाक्यं सांगितली. राजेशम उठले, भिंतीवरच्या मार्कंडेयाच्या तसबिरीला हात जोडले, आणि आत जाऊन बराच वेळ बाहेर आलेच नाहीत. मला वाटलं, आता येमूलबाई रडतील, किंवा मला बोलतील. मी दोन्हीची तयारी ठेवली होती.

“मशीनचं कळलं,” त्या म्हणाल्या. “होतं असं. माझ्या हातूनही नमुन्यांच्या चिठ्ठ्या उलटसुलट लागल्यात, पहिल्या वर्षी. आईचं डॉक्टरांना कुणी सांगितली?”

“मी.”

“काय म्हणून सांगितलीस?”

“शेवटी शेवटी त्यांना काही आठवत नव्हतं म्हणून.”

“एवढंच?”

“एवढंच.”

बाहेरचा एक माग थांबला. येमूलबाई पदराच्या काठावरून बोट फिरवत होत्या. “मी तुला एवढंच सांगितली होते काय गं?”

उत्तराची वाट न बघता त्या उठल्या. उद्यापासून कामावर येते म्हणाल्या. चहा ठेवला, बिस्किटं दिली, मी निघाले तेव्हा दारापर्यंत आल्या आणि चपला घालत असताना म्हणाल्या, “उद्या माझ्या आधी तू जा. जे राहिलं ते डॉक्टरांना सांग. पुरतं सांग.”

त्यानंतर येमूलबाईंनी त्या काउंटरवर आणखी सहा वर्षं काढली आणि वयानुसार निवृत्त झाल्या. नोंदीत कधी चूक निघाली नाही. त्या आठवड्याबद्दल पेढीत पुन्हा कुणी बोललं नाही, निदान माझ्यासमोर. मी ती कंपनी सोडली, दोन-तीन ठिकाणी नोकऱ्या केल्या, आता माझ्या हाताखाली मुलं आहेत. कुठल्याही डेटाबेसला आपापला नंबर निवडू द्यायचा नाही, कायमचा ठरवून द्यायचा आणि लिहून ठेवायचा, हे मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगते. का, ते सांगते तेव्हा सोमवारची आणि मंगळवारची गोष्ट सांगते. बुधवारची कधी सांगितली नाही.

बुधवारी मी नऊच्या आधी पोचले. डॉक्टर हत्तुरे नुकतेच आले होते, कोट अडकवत होते. म्हणाले, येमूलबाईंचा फोन आला होता, येतायत, फार बरं झालं. मी म्हटलं, सर, मला त्यांच्या आईबद्दल थोडं सांगायचं आहे. ते जरा चमकले, पण बसले.

मी उभी राहूनच सांगितलं. येमूलबाईंची आई विड्या वळायची. रोज हजार. त्याच हजार विड्यांवर मुलीचं शिक्षण झालं, टेक्निशियनचा डिप्लोमा झाला. कारखान्यात विड्या मोजून घेतात, पंचवीसचा कट्टा, आणि चाळीस वर्षांत त्या बाईचा कट्टा एकदाही कमी भरला नाही. चौऱ्याहत्तराव्या वर्षापर्यंत गल्लीतल्या बायका आपापली मोजणी तिच्याकडून तपासून घ्यायच्या. त्या वर्षी ती मोरीत घसरून पडली. डोक्याला मार लागला, आत रक्त साकळलं, ऑपरेशन झालं. त्यातून उठली ती अशी, सगळं विसरलेली. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनी तेव्हाच घरच्यांना सांगितलं होतं, की हा मार लागल्यामुळं झालेला प्रकार आहे, पोराबाळांत उतरणारा आजार नव्हे.

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. खाली काउंटरचं शटर वर गेल्याचा आवाज आला.

“हे तुम्हाला काल कळलं का?” त्यांनी विचारलं.

“नाही सर. त्यांनी मला मागंच सांगितलं होतं. सगळं एकाच दुपारी.”

“म्हणजे शनिवारी इथं बसला होता, तेव्हा हे माहीत होतं तुम्हाला?”

“होतं.”

“मग सांगितलं का नाही?”

मी रात्रभर याचंच उत्तर शोधलं होतं, आणि एकच सापडलं होतं.

“ते सांगितलं असतं सर,” मी म्हणाले, “तर पुन्हा काहीच जुळलं नसतं.”